चार नंबरची कॉइल

१

दादाला कुशीवर वळवून, पाठीला पावडर लावून मी हात धुवत होतो, तेवढ्यात चढावरून गाडी अडखळत येताना ऐकू आली. सहा सिलिंडरची गाडी पाचावर धावायला लागली की एका पायात चप्पल घातलेल्या माणसासारखी चालते. ते मला झोपेतही ओळखू येईल. झोप मिळाली तर.

नेगिशीसान होते. आमच्या शिमोनिता गावातल्या कोन्याकूच्या, म्हणजे कंदाच्या वड्यांच्या, कारखान्यात ते पाळीचे मुकादम आहेत, त्यामुळे उकडलेल्या कंदांचा वास आधी येतो आणि ते मागून. गाडी पांढरी, दोन टर्बोची, तीस वर्षांची. लग्नाआधी घेतलेली. बायको तिला सवत म्हणते, पण गमतीने.

"कोगुरेसान, घाटात जोर मागितला की झटके देतेय," ते म्हणाले. "परवा रविवारी मित्रांबरोबर म्योगीच्या डोंगरावर जायचंय. इज्जत जाईल हो माझी."

म्हटलं, कॉइलीच असणार. प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर एक कॉइल बसते आणि खालच्या प्लगला ठिणगी देते. म्हातारी झाली की ती उष्णतेने तडकते, ठिणगी भलतीकडेच पळते आणि ते सिलिंडर नुसतं हलत राहतं. एक गेली की बाकीच्याही रांगेतच असतात. म्हणून सहाच्या सहा एकदम बदलायच्या, असा आमच्या गॅरेजचा नियम. त्यांनी आठवड्याच्या सुरुवातीलाच फोन केला होता, त्यामुळे नव्या सहा मी मागवून ठेवल्या होत्या. उद्या संध्याकाळी न्या म्हटलं, आणि ते चालत घरी गेले.

आमचं गॅरेज म्हणजे माझं आणि दादाचं. हिसाओदादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तरुणपणी तो रेल्वेच्या यार्डात होता, आणि तिथली एक सवय त्याने इथे आणली. ज्या वस्तूला हात लावायचा तिच्याकडे बोट दाखवून मोठ्याने नाव घ्यायचं, आणि दुसऱ्याने बघून "बरोबर" म्हणायचं. "चाकाचे नट." "बरोबर." उत्तर आलं नाही तर हात पुढे जायचा नाही. चाळीस वर्षं आम्ही एकमेकांना बरोबर म्हणत आलो. आवाजही इतके सारखे, की फोनवर गिऱ्हाइकं आधी विचारायची, कुठला कोगुरे बोलतोय?

दोन वर्षांपूर्वी दादाच्या मेंदूत रक्तस्राव झाला. तेव्हापासून तो गॅरेजमागच्या खोलीत पडून आहे. एक शब्द बोललेला नाही. मधलं सरकतं दार मी वीतभर उघडं ठेवतो, म्हणजे एक कान इंजिनाकडे आणि एक त्याच्या श्वासाकडे राहतो. दर तीन तासांनी वळवायचं, घशातला कफ ओढायचा, दाट पेज चमच्याने भरवायची, दुपटं बदलायचं. मी बासष्ट वर्षांचा आहे आणि मी दमलोय. हे कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथेच सांगून टाकतो.

२

शनिवारी सकाळी कडाक्याचा गारठा होता. रॉकेलच्या शेगडीवर किटली ठेवली, दादाचं सगळं आवरलं आणि गाडीचं बॉनेट उघडलं. इंजिनावरचं झाकण काढलं तशा सहाही कॉइली ओळीने दिसल्या. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगाने आकडा. अकरा वर्षांपूर्वी त्या दादानेच बसवल्या होत्या, अक्षर त्याचंच. त्याचा चार मी कुठेही ओळखेन. डोक्यावर उघडा, उलट्या खुर्चीसारखा.

सुरू करण्याआधी मी त्या बोटाने चाचपल्या. तेल कुठे झिरपलंय का, तडा कुठे लागतोय का, बघायला. पहिली गार. दुसरी, तिसरी गार. चौथी कोमट. बारीक ताप असलेल्या माणसाच्या कपाळाइतकी. पाचवी आणि सहावी पुन्हा गार.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत काहीही कोमट असायचं कारण नाही. म्हटलं, शेगडीची ऊब लागली असेल. शेगडी गाडीच्या दुसऱ्या टोकाला होती, पण मी तो विचार पुढे नेला नाही. सकाळी सकाळी कशाला डोक्याला ताप.

परीक्षा सोपी असते. इंजिन चालू ठेवायचं आणि एकेका कॉइलची वायर काढून बघायची. चांगल्या कॉइलची काढली तर इंजिन लगेच खचतं. मेलेल्या कॉइलची काढली तर इंजिनाला पत्ताही लागत नाही, कारण ती कामावर नव्हतीच.

धूर बाहेर नेणारी नळी लावली, इंजिन सुरू केलं. "एक," मी बोट दाखवून म्हणालो, जरा थांबलो, आणि मग स्वतःच "बरोबर" म्हणालो. दोन वर्षं झाली तरी मधलं ते थांबणं काही जात नाही. वायर काढली, इंजिन खचलं. लावली, सावरलं. दोनचं तेच, तीनचं तेच.

चारची काढली. इंजिन जसंच्या तसं.

सापडली एकदाची, असं मनात म्हणतोय तोवर वाटलं, काहीतरी कमी झालंय. इंजिन चालू होतं, किटली उकळत होती, बाहेर कुणीतरी कांद्याच्या पातीच्या जुड्या टेम्पोत टाकत होतं. दोन क्षण गेले तेव्हा कळलं. दाराच्या फटीतून दादाचा श्वास येत नव्हता. इंजिन चालू असताना श्वास कसा ऐकू येतो, असं कुणी विचारेल. दोन वर्षं कान लावून झोपलेल्या माणसाला येतो.

हातातली वायर लोंबकळत सोडायची नाही ही शिस्त. आधी ती लावली आणि मग धावलो. दारापाशी पोचेपर्यंत आतून खोल, घरघरता श्वास आला. मग दुसरा. दादा डोळे मिटून पडला होता, तोंड जरा उघडं, रोजच्यासारखं.

३

डॉक्टरांनी सांगितलेलंच होतं की अशा पेशंटचा श्वास मधेच अडतो. धुराचाही त्रास झाला असेल. मी शटर पूर्ण वर केलं, दादाला दुसरी गोधडी घातली, चहा प्यायलो. माणसाची बुद्धी दमली की दोन शेजारच्या गोष्टींची गाठ मारते, हे मला कळत होतं.

पण मी मेकॅनिक आहे. संशय आला की आम्ही एक करतो. संशयातली कॉइल काढून दुसऱ्या भोकात घालतो. दोष तिच्याबरोबर सरकला तर दोष कॉइलचा. जागेवरच राहिला तर कॉइल बिचारी निर्दोष.

अकरा वाजता ओकाबेबाई आल्या. त्या मंगळवारी आणि शनिवारी दादाला आंघोळ घालायला येतात, तोंडाने फटकळ आणि हाताने मऊ. त्या आत दादाजवळ बसल्या असताना मी चारची कॉइल दोनच्या भोकात घातली आणि दोनची चारच्या.

इंजिन सुरू करून चौथ्या भोकातली वायर काढली. इंजिन खचलं, बाकी काही नाही. लावली. मग दुसऱ्या भोकातली काढली, जिथे आता ती उलट्या खुर्चीची कॉइल होती. इंजिन तसंच राहिलं.

"कोगुरेसान, जरा इकडे या," आतून ओकाबेबाईंचा आवाज आला. "लवकर."

मी वायर लावली.

"नाही, नाही. आला. आला परत," त्या म्हणाल्या.

मी हात पुसत दारात गेलो. त्या दादाच्या छातीवर हात ठेवून बसल्या होत्या आणि त्यांचा चेहरा उतरला होता. डॉक्टरांच्या कानावर घाला म्हणाल्या. मग टॉवेल पिळता पिळता, अगदी सहज, त्यांनी एक सांगितलं. "तुम्ही तिकडे आकडे म्हणता ना मोठ्याने, तेव्हा यांचे ओठ हलतात. महिनाभर बघतेय मी. मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल."

मला ठाऊक नव्हतं. दादा जिथे आहे तिथे त्याला काही ऐकू जात नाही असंच मी धरून चाललो होतो, आणि खोटं कशाला बोलू, कधीकधी त्याच्या देखत मी नको नको ते बोललोही होतो.

४

पुढचं सांगायला जड जातं.

ओकाबेबाई गेल्यावर मी कॉइली आपापल्या जागी घातल्या. झालं होतं, कळलं होतं, आता परत बघायची काही गरज नव्हती. तरी मी इंजिन सुरू केलं आणि चारची वायर काढली. खात्रीसाठी, असं मी स्वतःला सांगितलं.

श्वास थांबला. मी मोजायला लागलो. एक, दोन, तीन. तीनपर्यंत खात्री झाली होती. चार. पाच. या महिन्यात मी एकदाही सलग तीन तासांपेक्षा जास्त झोपलो नव्हतो, आणि त्या शांततेत मला झोपेसारखं काहीतरी वाटलं. सगळ्या अंगभर. सहा. सात.

मग मी दाराकडे पाहिलं. फटीतून दादाचा उजवा हात दिसत होता. दोन वर्षं मूठ वळून पडलेला, मी रोज कोमट पाण्यात बुडवून एकेक बोट सोडवतो तो हात. तो गोधडीवर होता आणि त्याचं पहिलं बोट सरळ होतं. गाडीकडे दाखवलेलं. कोपरातून ताठ, यार्डातल्यासारखं.

मी वायर लावली. पहिल्या झटक्यात लागली नाही, दुसऱ्यांदा दाबली. आत गेलो तर मूठ वळलेलीच होती. मी तिला हात लावून बघितला. घट्ट होती, रोजच्यासारखी. दादाचे ओठ निळसर पडले होते आणि श्वास धापा टाकल्यासारखा चालला होता. मी त्याच्या शेजारी बसलो आणि माफ कर म्हणालो. सात आकडे कशासाठी मोजले, हे मला त्याला सांगता येईना.

५

नव्या पाच कॉइली बसवल्या. चौथी जुनीच ठेवली.

जुने काढलेले भाग नव्या भागांच्या खोक्यात घालून गिऱ्हाइकाला परत द्यायचे, ही आमच्याकडची रीत. म्हणजे त्यालाही दिसतं की काय काढलं आणि काय घातलं. मी पाच जुन्या कॉइली पुसून खोक्यात लावल्या. राहिली सहावी नवी. ती माझ्याकडे लपवून ठेवता आली असती. मग नंतर जे झालं ते झालं नसतं. पण गिऱ्हाइकाची वस्तू घरात ठेवायची नाही हा दादाचा दुसरा नियम, आणि माझा हात त्याच्याविरुद्ध जाईना. तीही खोक्यात घातली.

पाच वाजता गावाच्या भोंग्यावरची धून वाजत असतानाच नेगिशीसान आले. खोकं उघडून त्यांनी मोजलं. साहजिक आहे, कारखान्यात तेही बोट दाखवून मोजणारेच.

"ही एक नवीच आहे की. सहाच्या सहा बदलायच्या असं तुम्हीच म्हणता ना?"

चार नंबरची चांगली निघाली, मी म्हणालो. चांगली वस्तू कशाला फेकायची, नवी तुमच्याकडे राहू दे जादा. बोलताना माझा चेहरा कसा झाला होता कोण जाणे, कारण ते माझ्याकडे बघतच राहिले.

"एक ऐका," मी म्हणालो. "त्या चौथीला हात लावू नका. काही वाटलं तर आधी मला विचारा."

"तुम्ही झोपता की नाही हो?" त्यांनी विचारलं. गाडी घेऊन ते हळूच बाहेर पडले, आणि जाताना खिडकीतून म्हणाले की हिसाओसानना माझा नमस्कार सांगा.

६

रविवारी सकाळी मी दादाजवळ बसलो होतो. श्वास छान चालला होता. साडेदहाला तो बिघडला.

आधी वाटलं कफ असेल. ओढून बघितला, नव्हता. तीनचार श्वास नीट, मग एक गाळलेला. पुन्हा दोन नीट, मग लागोपाठ दोन गाळलेले. मग एकदम सगळं सुरळीत, आणि परत तेच. मी डॉक्टरांचा नंबर शोधायला फोन हातात घेतला आणि तसाच थांबलो. ही चाल माझ्या ओळखीची होती.

जोर मागितला की चुकायचं, जोर सोडला की सावरायचं. चढ, वळण, चढ, वळण. मग एक लांब सरळ पट्टा, तिथे दादाने पाच श्वास गाळले आणि मी त्याचे खांदे धरले. मग तीन जवळजवळची वळणं. त्या रस्त्यावर आम्ही दोघांनी शेकडो गाड्या चालवून बघितल्या आहेत. मी म्योगीचा घाट ऐकत होतो.

अकरा वाजून पाच मिनिटांनी तो शांत झाला. मी नेगिशीसानना फोन केला, गाडी कशी आहे विचारलं. ते खुशीत होते. आत्ताच वर पोचलो म्हणाले, मागे मित्रांचं हसणं ऐकू येत होतं. झटके कमी झालेत, पण आहेत अजून. मी म्हणालो, उतरताना हळू चालवा.

"का हो? काही धोका आहे का?"

काय सांगणार? माझा भाऊ तुमच्या बॉनेटखाली आहे, असं? मी म्हणालो, जुनी गाडी आहे, जपा. ते हो म्हणाले. भला माणूस, उतरताना खरंच हळू चालवली त्यांनी. दादाने वाटेत फक्त दोनदा श्वास गाळला.

नंतर मी ठरवलं की ती गाडी परत आणवायची. काहीतरी निमित्त सांगायचं, ती कॉइल काढून आपल्याजवळ ठेवायची. पण तिच्याशिवाय ती गाडी चालली तर काय होईल? सात आकड्यांच्या पुढे काय आहे हे मला माहीत नव्हतं. आणि न काढून तरी काय? तडकलेली कॉइल किती दिवस टिकते ते मी चाळीस वर्षं लोकांना सांगत आलोय. रोज उद्या म्हणायचो आणि रोज दादाचं करता करता रात्र व्हायची. सहा दिवस असे गेले.

७

शनिवारी दुपारी तीनला फोन वाजला. ओकाबेबाई आंघोळ घालून गेल्या होत्या. दादाला पेज भरवून मी गॅरेजात आलो होतो, वाडगा हातातच होता. दार वीतभर उघडं.

"कोगुरेसान, रागावू नका," नेगिशीसान म्हणाले. "तुम्ही विचारा म्हणाला होता, म्हणून विचारतोय. पण खरं सांगू का, करून टाकलंय जवळजवळ. आज सुट्टी होती, झाकण उघडून बसलो. तुमची ती चौथी बाहेर काढली तर खाली तडा गेलेला, माझ्या डोळ्यांना दिसतोय. तुम्ही दमलेला असता, होतं असं. मी कुणाला बोलणार नाही."

बाहेर काढली, असं ते म्हणाले. मी दाराकडे कान केला. श्वास येत होता. बारीक, पण येत होता.

"कुठे आहे ती?" मी विचारलं.

"हातात आहे. कोमट आहे हो अजून, कमाल आहे, सकाळपासून गाडी बंद आहे. नवी भोकात बसवलीय. फक्त वायर लावायची आणि सुरू करायची. तेवढं तुम्ही हो म्हणा म्हणून थांबलोय. कारखान्यात आम्ही दुसऱ्याने म्हटल्याशिवाय बटण दाबत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे."

थांबा म्हणायचं होतं. शब्द तोंडात होता. नेगिशीसान, थांबा, ती जुनी तशीच परत घाला, मी येतो. एवढंच. मी श्वास घेतला.

तेवढ्यात ते सवयीने, स्पष्ट, कारखान्यातल्या आवाजात म्हणाले, "चार."

आणि आवाज आला, "बरोबर."

मी त्यावर खूप विचार केलाय. तो आवाज माझा होता, कारण दुसरा कुणाचा असणार? चाळीस वर्षांची सवय, समोरून आकडा आला की जीभ आपोआप वळते. पण तो मला मागून आल्यासारखा वाटला. दाराच्या फटीतून. पूर्वी रोज सकाळी यायचा तसा, यार्डातल्यासारखा ठणठणीत. आणि माझं तोंड तेव्हा थांबा म्हणण्यासाठी उघडत होतं, की बरोबर म्हणून मिटत होतं, हे मला शपथेवर सांगता येणार नाही. आवाज आमचे सारखेच होते.

"ऐकलं," नेगिशीसान म्हणाले.

टक. क्लिप बसल्याचा तो आवाज फोनमधूनही ओळखता येतो. मग किल्ली फिरली आणि इंजिन सुरू झालं.

"ऐका, ऐका," ते लहान मुलासारखे म्हणाले. "सहाच्या सहा. धरतो जवळ, ऐका."

त्यांनी फोन इंजिनाजवळ धरला. सुंदर चाललं होतं. सहाही सिलिंडर एका लयीत, कुठे अडखळणं नाही, कुठे गाळणं नाही. अकरा वर्षांपूर्वी दादाने कॉइली बसवून गाडी परत दिली तेव्हा चालायचं तसं. मी वाडगा खाली ठेवला, फोन कानाला घट्ट धरला आणि दुसऱ्या, दाराकडच्या कानावर हात ठेवला. नेगिशीसान मधेच विचारत होते, ठीक आहे ना, बंद करू का आता.

नको, मी म्हणालो, राहू दे चालू अजून थोडा वेळ.